रहोबोथ म्हणजे ऐसपैस

तुम्हाला माती दिली त्या दिवशी पाळक तीनदा "रेहोबोथ" म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा माझी मान आपोआप तुमच्याकडे वळली. तुम्ही उठणार आणि म्हणणार, "पाळक, रे नाही, र." तुम्ही पेटीत होता आणि पेटीचं झाकण अजून लावायचं होतं. तुमच्या नाकपुडीत कापूस होता. पाळक वणीहून आलेले, तरुण आहेत, ते तरी काय करतील? त्यांनी ते गाव पाहिलंच नव्हतं. आता कोणालाच पाहता येणार नाही.

आज अकरावा दिवस. माणसं येऊन गेली. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले, आणि तुम्हाला ते फारसं आवडलं नसतं. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून सहा वर्षं लपवली. ती सांगायला आता उशीर झाला आहे, तरी सांगते.

लग्न होऊन मी बाभुळगावहून आले तेव्हा कंडक्टरने घंटी मारून "रायबोट फाटा" अशी आरोळी दिली होती. मला हसू आलं. रायबोट हे काय नाव? तुम्ही सगळ्या एसटीसमोर कंडक्टरला म्हणालात, "रहोबोथ म्हणा, भाऊ." तो म्हणाला, "मास्तर, तिकिटावर रायबोटच हाय." नवीन नवरी मी, डोक्यावरचा पदर सावरत खाली उतरले आणि मनात म्हटलं, हा माणूस सोपा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला विहिरीवर नेलं. बावीस घरांचं गाव, आणि त्याच्या डोक्यावर, काळ्या खडकात, ती विहीर. आत उतरायला पायऱ्या होत्या. काठाच्या एका दगडावर नाव कोरलेलं होतं आणि त्या अक्षरांत शेवाळ भरलं होतं. तुमच्या पणजोबांची गोष्ट तुम्ही तिथे सांगितलीत. दुष्काळात सात घरं इकडे आली. त्यांनी पहिली विहीर खाली नाल्याजवळ खणली. पाणी लागल्याबरोबर मोठ्या गावची माणसं काठ्या घेऊन आली, पाणी आमचं म्हणाली. मग दुसरी खणली, थोडी वर. ती एका सकाळी बाभळीच्या काट्यांनी भरलेली सापडली, आणि तळाशी मेलेलं वासरू. तिसरी या खडकात. इथे कोणी काही बोललं नाही, कारण इथे पाणी लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. त्या वेळच्या गोऱ्या पाद्र्याने शास्त्रातली इसहाकाची गोष्ट काढली. इसहाकाच्या गुराख्यांचंही असंच झालेलं. पहिल्या विहिरीवर तंटा, म्हणून तिचं नाव एसेक. दुसरीवर वैर, म्हणून सितना. तिसरीवर कोणी भांडलं नाही, तिचं नाव रहोबोथ.

मग तुम्ही खाली बसलात आणि ओल्या मातीत बोटाने तीन अक्षरं काढलीत, उजवीकडून डावीकडे. पाळकांच्या शाळेत तुम्ही दोन वर्षं काढली होती. वडील गेल्यावर ती सोडून मास्तरकी धरली. तिथली एवढीच कमाई घेऊन आलात, असं तुम्हीच म्हणायचात. इब्री लिपी आणि एक फाटकी वही.

"हे पाह्य. र, ह, ब. या तिघांत रुंदी हाय. रहोब म्हणजे रुंद रस्ता, चौक. त्याले ओथ लागलं का एकाचे अनेक झाले. आन् सितना कुठून आलं माहीत हाय? सैतान जिथून आला तिथूनच. आडवा येणारा, तो सैतान."

"मग रहोबोथ म्हणजे काय झालं?"

"मोकळ्या जागा."

मी म्हटलं, "ऐसपैस."

तुम्ही माझ्याकडे पाहतच राहिलात. दोन वर्षं गुरुजींनी शिकवलं, इतकी वर्षं रविवारी तुम्ही लोकांना सांगितलं, आणि तुम्हाला तो शब्द सुचला नव्हता. "ऐसपैस," तुम्ही दोनदा म्हणालात. "काहून सुचलं नसन मले?" त्या दिवसापासून उपासनेत तुम्ही तोच शब्द वापरलात, आणि दर वेळी सांगायचात की हा आमच्या सिस्टरबाईचा. उपकेंद्रातली नर्स म्हणून मला सगळे सिस्टर म्हणत. तुम्हीही लोकांसमोर तेच म्हणायचात. घरी सुमन.

आपल्या लेकीला, रूथला, तुम्ही सहाव्या वर्षी ती तीन अक्षरं शिकवली. मराठीतला "ळ" तिला नीट काढता यायचा नाही, पण इब्री हेथ, तो मधला "ह", ती झोकात काढायची. अंगणात, भिंतीवर, माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरवर. मी तिला त्या रजिस्टरसाठी मारलं होतं.

नववं लागलं आणि मेंदूज्वराने ती गेली. दोन दिवसांत. किती लेकरांचा ताप मी पाण्याच्या पट्ट्यांनी उतरवला होता, तुम्हाला माहीत आहे. वणीच्या रस्त्यावर जीपमध्ये ती माझ्या मांडीवर होती आणि तुम्ही पुढे बसून ड्रायव्हरला सारखं "चाल भाऊ, चाल" म्हणत होता. ती थांबली तेव्हा मला कळलं. मी बोलले नाही. तुम्ही आणखी दोन मैल "चाल भाऊ" म्हणत राहिलात. ते दोन मैल मी तुम्हाला दिले, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता वाटतं, सांगायची हिंमत नव्हती. मला तेव्हापासूनच ही सवय असावी.

पावसाचे दिवस. पेटीसाठी फळ्या मिळाल्या नाहीत. चादरीत गुंडाळून आपण तिला विहिरीमागच्या कब्रस्तानात ठेवलं.

त्यानंतर बावीस वर्षांनी नोटीस आली. खाण आधीच पलीकडच्या शिवारापर्यंत पोचली होती. ब्लास्टिंगने भिंतींना चिरा गेल्या होत्या आणि विहिरीचं पाणी दरसाल एकेक पायरी खाली चाललं होतं. शेवटच्या उन्हाळ्यात तळ दिसला. कोळशासाठी अख्खं गाव उठणार, नव्या वसाहतीत घरं मिळणार. कब्रस्तानाबद्दल नोटिशीत दोन ओळी होत्या. ज्यांना आपले मृत हलवायचे असतील त्यांनी अमुक दिवसांत हलवावे, पेट्या खाणीकडून मिळतील. लोकांनी हलवले. कोणी आजोबा नेला, कोणी सासू. तुम्ही नाही म्हणालात.

"तिले हात लावाचा नाही, सुमन."

"इथं दोनशे फुटांचा खड्डा होऊन राह्यला. त्यात टाकून जायचं तिले?"

"मी कुठी जाऊन राह्यलो? पोरगी जिथं, तिथं मी."

"आन् मी?"

त्याला तुम्ही उत्तर दिलं नाही. ते मी तुमच्या खात्यावर ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू.

घरं एकेक रिकामी झाली. लोक दारं, चौकटी, पत्रे काढून नेत होते. शेवटी गावात आपलं घर आणि भीमराव भाऊजींचं घर राहिलं. भाऊजी बौद्ध, आपल्या कब्रस्तानात त्यांचं कोणी नव्हतं, पण तुम्हाला एकटं टाकून ते जाईनात. विजेची लाइन कापली गेली. पाणी दोन मैलांवरून. खाणीचा माणूस येऊन सांगून गेला की सोमवारनंतर मशीन थांबणार नाही, कोणी आत असो नसो. तुम्ही अर्ज घेऊन वणीला गेलात.

त्या दिवशी मी भाऊजींना म्हटलं, फावडं घ्या.

हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यापुढचं मी कधी सांगितलं नाही.

सकाळी नऊला सुरुवात केली. जागा मला पाठ होती, चिंचेपासून अकरा पावलं. चार फूट गेलो. पाच फूट. काळी माती, चिकट, फावड्याला धरून बसणारी. काही नाही. उजवीकडे दोन हात खणलं, डावीकडे खणलं. मी हातांनी माती चाळली. एक दात, एखादं बटण, केसांची क्लिप. ती गेली तेव्हा तिच्या केसांत लाल क्लिप होती, की मी ती काढून ठेवली होती? मला आठवेना. दुपार झाली. भाऊजी खड्ड्यात उभे होते, छातीपर्यंत, घामाने निथळत.

"सिस्टरबाई," ते म्हणाले, "काळी जमीन हाय. बावीस पावसाळे झाले. लेकराची हाडं कवळी रायतात."

मला ते माहीत नव्हतं का? मी नर्स होते. तरी मी आणखी तासभर खणायला लावलं.

मग मी खाणीची पेटी ओढून आणली आणि तळाची माती दोन्ही हातांनी तिच्यात भरली. जिथे तिची पाठ असेल तिथली, जिथे डोकं असेल तिथली. भाऊजींनी तोंड फिरवलं. खिळे मी ठोकले. मी त्यांना शपथ घातली नाही, त्यांनीच म्हटलं, "माह्या तोंडातून निघनार नाही."

संध्याकाळी तुम्ही आलात. पेटी ओट्यावर होती, वर पांढरं फडकं. तुम्ही चपला काढल्या, आणि खालीच उभे राहिलात.

"सापडली?"

"हो."

"सगळी?"

"हो."

तुम्ही पेटीवर हात ठेवून बसलात. मला वाटलं रागावाल, न विचारता खणलं म्हणून. तुम्ही म्हणालात, "उद्या निघू." एवढंच. सकाळी पेटी तुम्ही कोणाला उचलू दिली नाही. स्वतःच्या खांद्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेलीत आणि सगळा रस्ता मांडीवर घेऊन बसलात. त्या सोमवारी मशीन आली. ज्या जमिनीत माझी लेक खरोखर होती ती जमीन तिने उचलली आणि डंपरमध्ये भरली. माझ्या एका "हो"मुळे तुम्ही तिथून उठलात. तुमचा जीव वाचवला असं मी स्वतःला सांगत आले. आणि तिला एकटं टाकलं, हेही.

नवी वसाहत. सरळ रेषेत घरं, दारावर नंबर, मुरमाड जमीन, झाड नाही. आपली बावीस घरं आणि आणखी दोन उठलेल्या गावांची माणसं. सगळ्यांना मिळून एक टाकी, दोन नळ. पहिल्याच उन्हाळ्यात नळावर घागरीने एका बाईचं डोकं फुटलं आणि टाके मी घातले. ती आपलीच, रविवारी पुढच्या सतरंजीवर बसणारी. घागर मारणारीही आपलीच.

आपल्या लोकांनी पाटी लावायची ठरवली. रहोबोथ नगर. तुमच्याकडे आले, मास्तर, शुद्ध कसं लिहायचं ते सांगा. तुम्ही म्हणालात, लिहायचंच नाही.

लोक दुखावून परत गेले. मी तुमच्यावर संतापले. आपलं ते भांडण आठवतं ना? चार वर्षं चाललं ते, चहाबरोबर, जेवताना, बाजारातून येताना.

"नाव तरी राहू द्या त्यायच्याजवळ. दुसरं काय उरलं हाय?"

"नाव असं गाठोड्यात बांधून नेता येते का? ते त्या विहिरीचं नाव हाय. तिथं कोणी भांडलं नाही म्हणून पडलं. इथं बायका एकमेकीची डोकी फोडून राह्यल्या. याचं खरं नाव एसेक. लावा पाटी एसेक म्हणून."

"इसहाकानं आपल्या बापाच्या बुजवलेल्या विहिरी परत उकरल्या, तवा त्याले बापानं ठेवलेलीच नावं देली. हे तुमच्याच शास्त्रात हाय."

"त्याच विहिरी, त्याच जागी. तो जागेवर परत गेला. तू मले त्या जागेवर नेऊन दाखव, मी रंगाचा डबा घेऊन येतो."

जागेचा विषय निघाला की मी उठून आत जायचे. तुम्हाला वाटत असेल, वादात हरली.

तुम्ही रोज दुपारी जेवून बाहेर पडायचात. खाणीच्या काठावर, उपसलेल्या मातीच्या डोंगरावर जाऊन बसायचात. मी म्हणायचे, धूळ आहे, तुमची छाती आधीच खराब. तुम्ही म्हणायचात, पाय मोकळे करून येतो. कापूस वेचायचे दिवस होते. त्या दुपारी चारला खाणीचा पहारेकरी सायकलवर आला. दारात उतरला आणि सायकल धरून उभा राहिला. मी विचारलं, "कुठं हाय?" तो म्हणाला, "बसलेच हायेत, माय. बसल्या बसल्या."

तुम्ही बसलेलेच होता. पाठ दगडाला टेकलेली, तोंड खड्ड्याकडे. मनगट हातात धरलं. उगाच धरलं.

नव्या कब्रस्तानात रूथच्या पेटीशेजारी तुमची जागा, असं तुम्ही भाऊजींना कधीच सांगून ठेवलं होतं. दोन फुटांवर खडक लागला. पहारी तुटल्या. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोक आळीपाळीने फोडत होते आणि साडेतीन फुटांच्या खाली जाता आलं नाही. तुम्हाला तेवढ्यातच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पोरांनी पाटी लावली. मास्तरांच्या आठवणीत, रहोबोथ नगर. हात जोडून मला बोलवायला आले. तुमचं मत मला माहीत होतं. मी गेले, नारळ फोडला नाही, पण उभी राहिले. आणि त्या पाटीखालीच चौथ्या दिवशी टँकरसाठी दोन घरं एकमेकांच्या अंगावर गेली. तुम्ही जिंकलात म्हणा हवं तर.

पण ऐका. परवा मी ती गोष्ट काढून वाचली, तुमचा चष्मा लावून. रहोबोथच्या पुढची ओळ आपण दोघांनी कधी वाचलीच नाही. विहीर खणली, नाव ठेवलं, आणि लगेच पुढे लिहिलंय की इसहाक तिथून वर बैरशेब्याला गेला. राहिलाच नाही हो तो तिथे. इतकी ऐसपैस जागा मिळाली आणि तो माणूस निघून गेला. चार वर्षं हा मुद्दा माझ्या हाताशी होता आणि मला सापडला तो आता. तुम्ही काय म्हणाला असता? काहीतरी म्हणालाच असता. मी तासभर वाट पाहिली, मूर्खासारखी.

काल तुमची छत्री आणायला मी त्या डोंगरावर गेले. तुम्हाला उचलून आणायच्या घाईत ती तिथेच राहिली होती. पहारेकऱ्याने ती आपल्या खोपीत जपून ठेवली होती. गुलाब त्याचं नाव, ढाणकीकडचा, बंजारा तांड्यावरचा, चाळिशीचा असेल. मला याडी म्हणाला. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. त्याने मला तुमच्या दगडावर बसवलं. खाली पाहिलं आणि मला काही ओळखू येईना. पायऱ्या, चिंच, काही नाही. तळाशी डंपर मुंगळ्यांएवढे दिसत होते.

"मास्तर रोज बोलत बसत," गुलाब म्हणाला. "मी म्हटलं, कोणासंग बोलता गुरुजी? तर म्हणे, माझी पोरगी हाय अंदर."

मी म्हटलं, "पोरगी कब्रस्तानात हाय. पेटीत."

तो खाली पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "ते म्हणे, पेटी म्या माझ्या खांद्यावर वाह्यली. मी कास्तकाराचं पोरगं. मातीचं वजन मले समजते."

डंपरचा भोंगा वाजला.

"मंग मले काहून नाही बोलले?"

"मी बी हेच इचारलं, याडी. तर म्हणे, एवढं मोठं ओझं तिनं एकलीनं उचललं, माझ्यासाठी. ते तिच्या हातातून मी कायले पाडू?"

छत्री घेऊन मी परत आले. रस्ताभर मला तुमचा राग येत होता. सहा वर्षं आपण एका घरात, एका ताटाशी बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली. मी रात्री कूस बदलायचे आणि तुम्ही विचारायचात, "पाणी पाहिजे का?" तुम्हाला कळत होतं मी का जागी आहे. आणि मी म्हणायचे, "हो, द्या."

मग संध्याकाळी कब्रस्तानात गेले. तुमच्यावरचा मुरूम अजून खाली बसलेला नाही. शेजारी तिची पेटी. तिच्यात काय आहे हे ठाऊक असून तुम्ही तिच्याजवळ जागा मागून ठेवली होतीत, आणि लोकांना सांगितलं होतंत, मले माह्या पोरीजवळ ठेवजा.

मी दोघांच्या मधे बसले. तिथे एका माणसापुरती जागा आहे.